गाडीची पोथी

आधी माफी मागतो. आमच्या घरात लिहिण्याची सवय कोणालाच नाही. बाबा आठवीपर्यंत शिकले, आई चौथीपर्यंत, आणि घरात कोणी मन लावून वाचलेला मजकूर म्हणजे लग्नपत्रिका. कॉलेजात जाणारा मी पहिलाच. मराठीच्या मॅडम म्हणाल्या, ओळखीच्या एखाद्या माणसाबद्दल लिहून बघ, तेव्हा दोन आठवडे मी नुसती वही उघडत होतो आणि मिटत होतो. दुसरी अडचण अशी, की ज्यांच्याबद्दल लिहायचंय ते छापलेल्या शब्दाला फार मानतात. हे त्यांच्या हाती पडलं तर ते कुणाकडून तरी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून घेतील. म्हणून यात काही गाळायचं नाही, असं ठरवलंय. एकदा गाळून झालंय.

ते आमचे घरमालक. त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्याने राहतो. सगळी नोकरी त्यांनी पोफळीला काढली, वीज प्रकल्पाच्या गाड्या चालवण्यात. म्हणून वाडीत त्यांना पोफळीकाका म्हणतात. मी नुसतं काका म्हणतो. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण खाकी शर्ट त्यांनी सोडला नव्हता. लग्नाला जातानाही तोच, फक्त इस्त्रीचा. काकू मी लहान असतानाच गेल्या. मूलबाळ नाही. केळशीला एक धाकटी बहीण, तिची थोडी आंब्याची बाग. बाकी काकांना माणसं अशी आम्हीच.

त्यांचं एक वाक्य होतं. कुठलीही वस्तू घरात आली, की ते विचारायचे, "पुस्तकात काय लिहिलंय?"

आईने एकदा नवा कुकर आणला. काका पायरीवर येऊन उभे. "पुस्तक कुठाय?"

"कुकरचं कसलं पुस्तक हो काका? शिट्टी झाली की उतरायचा."

"किती शिट्ट्या?"

"भाताला तीन."

"कोण बोललं?"

"आमची आई."

"तिच्या कुकरला तीन. ह्या कुकरला किती?"

आईने ते पुस्तक मिसळणाच्या डब्याखाली घातलं होतं. हळद पुसून मला ते वाचायला लागलं. भाताला तीन शिट्ट्याच निघाल्या. आई जिंकल्यासारखी हसली. काका म्हणाले, "आता तीन झाल्या. मगाशी नुसता अंदाज होता."

हे प्रत्येक वेळी बरं असायचं असं नाही. एकदा डॉक्टरांनी त्यांना खोकल्याच्या गोळ्या दिल्या. खोक्यातला तो घडी घातलेला बारीक अक्षरांचा कागद त्यांनी माझ्याकडून वाचून घेतला. गोळीने काय काय होऊ शकतं ते मी इंग्रजीतून मराठीत सांगत गेलो. संध्याकाळपर्यंत त्यातलं निम्मं त्यांना झालं होतं. चक्कर, तोंडाला कोरड, डाव्या हाताला मुंग्या. आईने आल्याचा काढा दिला आणि मला म्हणाली, "पुन्हा असला कागद वाचलास तर तुलाच गोळी घालीन."

पण मी आज मराठी शिकतोय ते काकांच्या या वेडामुळेच. बारावीनंतर मी कॉलेजात नाव घातलं तेव्हा अर्थशास्त्र घेतलं होतं. का, तर त्या खिडकीपुढे रांग लहान होती. बाबांना गाडी घेऊन जायचं होतं आणि आम्हा दोघांनाही वाटत होतं की विषय म्हणजे रेशनसारखा, मिळेल तो घ्यायचा. काकांनी माहितीपत्रक मागितलं आणि पहिल्या पानापासून वाचायला लावलं. प्राचार्यांचे दोन शब्द, वसतिगृहाचे नियम, सगळं. शेवटून तिसऱ्या पानावर एक ओळ आली, की प्रवेशानंतर पंधरा दिवसांत विषय बदलता येतो. काकांनी हात वर केला.

"तुला कनचा पायजे होता?"

मला तोवर हे कोणी विचारलंच नव्हतं. मी म्हणालो, मराठी. माझ्या आवाजात चोरी केल्यासारखं काहीतरी असावं, कारण काका हसले. "मग भितंस कशाला? छापलंय तसं."

बाबा आधी मच्छीमार बोटीवर खलाशी होते. नंतर त्यांनी मासळी वाहायचा धंदा धरला. रत्नागिरीच्या बंदरावरून क्रेट भरायचे, बर्फ टाकायचा आणि आंबा घाट चढून कोल्हापूरच्या बाजारात गाडी उतरवायची. सुरुवातीला जुनी गाडी होती. तीन वर्षांपूर्वी नवी घेतली, टर्बोवाली. टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. त्याने छोट्या इंजिनालाही चढावर जोर येतो. हे मला आता माहीत आहे. तेव्हा एवढंच कळत होतं, की बाबा टर्बो हा शब्द आमच्या कुळातल्या कुणा कर्तबगार माणसाचं नाव घ्यावं तसा घेतात.

गाडी अंगणात आली. आईने ओवाळलं, नारळ फुटला, पेढे वाटले. काका पुढे झाले आणि हात पुसत म्हणाले, "पुस्तक?"

डॅशबोर्डच्या खणात ते प्लास्टिकच्या पिशवीत बंद होतं. जाडजूड, आणि सगळं इंग्रजीत. काकांनी ते घरात नेलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर सत्यनारायणाच्या पोथीचं लाल फडकं त्याला गुंडाळलेलं. पोथी बिचारी उघडीच शेजारी पडली होती.

मग महिनाभर आमचं वाचन चाललं. संध्याकाळी काका हातपाय धुऊन ओट्यावर बसायचे, मी एक परिच्छेद इंग्रजीत वाचायचा आणि मग मराठीत सांगायचा. इंग्रजी त्यांना कळत नव्हतं, तरी ते आधी ऐकायचंच. "मूळ ऐकलं पायजे," असं ते म्हणायचे. माझं इंग्रजी बेताचं. अडलं की मी मोबाइलमध्ये शब्द शोधायचो आणि ते शांत बसून राहायचे. माझं कोणी इतकं लक्ष देऊन कधी ऐकलेलं नव्हतं. वर्गातही मी शेवटच्या बाकावर असतो.

पुस्तकात एक सूचना होती, की टर्बोची गाडी लांबून किंवा चढावरून आली तर इंजिन लगेच बंद करू नये, मिनिटभर तसंच चालू ठेवावं, टर्बो निवू द्यावा. तेव्हापासून बाबा अंगणात शिरले की काका घड्याळ घेऊन दारात उभे.

"थांब. त्याचा श्वास खाली बसू दे."

"काका, सकाळपासून पोटात काय नाय हो."

"तुझ्या पोटाचं पुस्तक नाय. ह्याचं हाय. चाळीस सेकंद राहिली."

बाबा स्टिअरिंगवर डोकं टेकून बसायचे. काका नसले की मात्र खटकन चावी फिरवायचे.

आता डिझेलचं. पंपावर गेलं की पोरगा विचारतो, "साधं की प्रीमियम?" बंदरावरच्या सगळ्या ड्रायव्हरांचं मत होतं, की टर्बो गाडीला भारी डिझेलच पायजे. साधं घातलं तर टर्बो बसतो. हे कोणी कुठे वाचलं नव्हतं. एकाला दुसऱ्याने सांगितलेलं. काकांनी माझ्याकडून इंधनाचं पान तीनदा वाचून घेतलं. कंपनीने डिझेलचा जो किमान दर्जा मागितला होता तो साध्या डिझेलमध्ये होताच. भारी घाला असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. टर्बोचा आणि भारी डिझेलचा संबंध कुठल्याच ओळीत नव्हता.

काका एवढ्यावर थांबले नाहीत. एका रविवारी बाबा टाकी भरायला निघाले तेव्हा ते लाल फडकं काखेत मारून गाडीत बसले. मीही होतो. पंपावरच्या पोराने नेहमीचा प्रश्न विचारला. बाबा उत्तर देणार तोच काका खाली उतरले.

"प्रीमियम कशाला?"

"टर्बो हाय ना गाडी."

"पुस्तक वाचलंस?"

"कसलं पुस्तक?"

काका फडकं सोडायला लागले. मागे चार गाड्या. पहिल्याच गाडीत बाबांचे धंद्यातले एक दोस्त होते, त्यांचीही मासळीचीच गाडी. त्यांनी मान बाहेर काढली. "ओ पोफळीकाका, टर्बो हाय तो! बैल नाय, पेंढा घालायला!"

सगळे हसले. काका हसले नाहीत. मला म्हणाले, "वाच." मी भर पंपावर, हॉर्नच्या आवाजात, कान लाल झालेले असताना इंधनाचं पान वाचलं. आधी इंग्रजीत, मग मराठीत. पंपावरच्या पोराने नळी हातात धरून शेवटपर्यंत ऐकलं. बाबांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "साधं भर बाबा. नायतर हे आरती पण करतील."

त्या दिवसापासून आमच्या गाडीत साधं डिझेल पडायला लागलं. दोन वर्षं गाडी नीट चालली. वाडीतले आणखी दोघे-तिघे काकांना विचारायला आले आणि साध्यावर गेले. काकांच्या शब्दाला वजन आलं. ओट्यावर माणसं बसायला लागली. मला वाटतं, काकू गेल्यानंतर तेच त्यांचे बरे दिवस होते.

मागच्या वर्षी पाऊस सरला, मासेमारी सुरू झाली आणि एका सकाळी बाबांचा आंबा घाटातून फोन आला. गाडी चढत नाही. दुसऱ्या गिअरलाही धापा टाकतेय, मागे काळा धूर, सायकलवालाही पुढे जाईल. रखडत रखडत ते कोल्हापूरला पोचले तोवर बाजार उठला होता. बांगडा मऊ पडला, घेणाऱ्यांनी तोंडं फिरवली. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. व्यापारी म्हणाला, तिसऱ्यांदा असं झालं तर मी दुसरी गाडी बघतो.

बाबा घरी आले तेव्हा त्यांच्याबरोबर पंपावरचे ते दोस्तही होते. ते गाडीतून उतरता उतरताच म्हणाले, "मी बोल्लो होतो. टर्बो बसला. साधं डिझेल पाजून मारलात त्याला."

बाबा काकांवर कधी आवाज चढवत नसत. त्या दिवशी चढवला. "तुमच्या त्या पोथीपायी माझा धंदा बसतोय काका! चार ड्रायव्हर सांगतायत ते खोटं आणि तुमचं ते फडकं खरं?"

काकांचा चेहरा उतरला. ते आत जाऊन पुस्तक घेऊन आले, उघडलं आणि पानं उलटत राहिले. त्यांना त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"तू नीट वाचलंवतंस ना रे? सगळं?"

मी म्हणालो, "हो."

खरं असं होतं, की मी सगळं वाचलेलं नव्हतं. शेवटच्या आठवड्यात एका संध्याकाळी मैदानावर अंडरआर्म क्रिकेटची फायनल होती. देखभालीचं प्रकरण चालू होतं. मला कंटाळा आला होता आणि पोरं कुंपणापलीकडून शिट्ट्या मारत होती. मी दोन पानं एकदम उलटली. काकांनी विचारलं, "ती?" मी म्हणालो, "त्यात तेच आहे हो. ऑइल बदला, फिल्टर बदला." काका "बरं" म्हणाले. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. आम्ही ती फायनल हरलो, तेही लिहून टाकतो.

बाबांनी प्रीमियम घालायला सुरुवात केली. दोन दिवस म्हणाले, फरक वाटतोय. तिसऱ्या दिवसापासून माल कमी भरून दोन तास आधीच निघायला लागले. काकांचा ओटा रिकामा झाला. साध्यावर गेलेले परत प्रीमियमवर गेले. पोरं त्यांना बघून ओरडायची, "काका, सायकलचं पुस्तक हाय काय?" आठवड्याभराने काकांनी पिशवी भरली. बहिणीच्या बागेत माणूस लागतो म्हणाले. लाल फडक्यातलं पुस्तक त्यांनी माझ्या हातात दिलं. "तुझ्याकडं ठेव. मला काय वाचता येत नाय."

ते रागावले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर पुस्तकाकडे बघवेना. मला वाटायचं, चूक माझ्या इंग्रजीत असणार. आमच्यासारख्यांनी उगाच मोठं पुस्तक हाती धरलं. चार दिवस ते कपाटावर पडून होतं. पाचव्या दिवशी मी हातपाय धुतले, ओट्यावर एकटाच बसलो आणि ती दोन पानं काढली. ती अजून एकमेकांना चिकटल्यासारखी होती.

ऑइलबद्दल त्यात एक शब्द नव्हता. टर्बोकडून येणाऱ्या हवेच्या पाइपांबद्दल होतं. पाइप जिथे जोडलेला असतो तिथे पत्र्याचा आवळपट्टा असतो. तो सैल झाला किंवा गंजला तर हवा बाहेर निसटते, गाडीचा जोर जातो, काळा धूर येतो. समुद्रकाठच्या भागात हे पट्टे वरचेवर तपासावेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बाबा चहा पीत असताना, मी मोबाइलचा दिवा लावून गाडीखाली शिरलो. मासळीच्या गाडीतून बर्फाचं पाणी रस्त्यावर सांडलं की घाटात दुचाकीवाले घसरतात. म्हणून आमच्याकडचे ड्रायव्हर हौद्याच्या भोकाला नळी लावून ते पाणी खाली बांधलेल्या कॅनमध्ये सोडतात आणि मुक्कामावर ओततात. बाबांचीही तशी नळी होती. ती कॅबिनच्या मागून खाली यायची, आणि तिच्या सांध्यातून थेंब गळत होता. खारट, मासळीचं पाणी. थेंब बरोबर त्या हवेच्या पाइपाच्या पट्ट्यावर पडत होता. दोन वर्षं पडला असणार. मी बोट लावलं तर पट्ट्याचा तुकडा चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा हातात आला.

"बाबा," मी गाडीखालूनच हाक मारली, "इकडे या."

बाबा कप घेऊनच आडवे झाले. बराच वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "नळी तर मीच बांधली."

"आणि दोन पानं मी वाचली नव्हती," मी म्हणालो.

ते माझ्यावर ओरडले नाहीत. गाडीखाली आम्ही दोघं तसेच पडून होतो, आणि आई वरून विचारत होती, की काय सापडलं म्हणून दोघं जण तिथेच झोपलात.

मिस्त्रीने न गंजणारा नवा पट्टा बसवला, नळी दुसरीकडून काढली. अर्ध्या तासाचं काम. बाबा पंपावर गेले आणि पोराने विचारायच्या आधीच म्हणाले, "साधं." दुसऱ्या दिवशी मी कॉलेज बुडवून त्यांच्याबरोबर निघालो. पाली गेलं, साखरपा गेलं. घाट सुरू झाला तसे बाबा पुढे सरकून बसले. मी आरशात धूर बघत होतो. धूर नव्हता. गाडी तिसऱ्या गिअरला, भरल्या मालासकट, वळणामागून वळण घेत वर गेली. पुढे बाबांच्या त्या दोस्तांची गाडी होती. बाबांनी तिला मागे टाकलं आणि कधी नाही तो हॉर्न वाजवला. वर चहाच्या टपरीपाशी आम्ही थांबलो. मी उतरायला दार उघडलं.

"थांब," बाबा म्हणाले.

तिथूनच काकांना फोन लावला, पण तो बंदच. त्यांचा मोबाइल त्यांच्या घरीच टेबलाच्या खणात पडलेला, हे नंतर आईने सांगितलं. म्हणून रविवारी पुस्तक घेऊन मी निघालो. दापोलीला एसटी बदलली, दुपारी केळशीला पोचलो. काका बहिणीच्या अंगणात कलमांभोवती माती ओढत होते. अंगात खाकी शर्ट नव्हता. साध्या बनियनमध्ये ते मला एकदम म्हातारे वाटले.

मी चप्पल काढायच्या आधी बोलून टाकलं. पट्टा गंजला होता काका. डिझेलचा काही संबंध नव्हता. आणि दोन पानं मी तेव्हा गाळली होती, तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो.

काकांनी फावडं भिंतीला लावलं. पागोळीखालच्या बादलीत हात धुतले, पाय धुतले, शर्टाच्या टोकाला पुसायला गेले तर शर्ट नव्हता. मग ओटीवर येऊन बसले.

"वाच," म्हणाले. "आधी मूळ."

मी वाचलं. दोन्ही पानं. मध्ये एका शब्दाला मी अडलो आणि त्यांनी तसंच शांत बसून वाट बघितली, पूर्वीसारखी. वाचून झाल्यावर त्यांनी फडक्याला गाठ मारली. त्यांची बहीण दारातून म्हणाली, "एवढ्यासाठी तू रत्नागिरीवरनं आलास रे बाबा?" काका तिला म्हणाले, "पुस्तक अर्धं होतं गो. आता पुरं झालं." मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुझ्या बापाला कळलं?"

"त्यांनीच मला पाठवलं. तुम्हाला घेऊन ये म्हणाले. नाही आलात तर दोन दिवसांनी ते स्वतः येतायत गाडी घेऊन."

"ते ऱ्हाऊ दे." ते जरा पुढे वाकले. "घाट चढून वर गेल्यावर लगेच बंद केली का गाडी?"

"नाही काका. घड्याळ बघून बसले. पूर्ण मिनिटभर. मला खाली उतरू दिलं नाही."

काका मागे खांबाला टेकले आणि त्यांनी डोळे मिटले. त्यांची छाती वर झाली, हळूहळू खाली आली. मला अजून पुष्कळ बोलायचं होतं. मी गप्प बसलो आणि मिनिटभर जाऊ दिलं.